प्रत सुरक्षित आहे

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह होता, एक हत्ती होता, एक पाणवठा होता आणि एक सर्व्हर होता.

सिंह, हत्ती आणि पाणवठा तुम्हाला माहीत आहेत. सर्व्हर म्हणजे काय ते सांगतो. ते एक लोखंडी कपाट असतं. त्यात वह्या नसतात, पण वह्यांमध्ये जे लिहायचं ते सगळं असतं. ते दिवसरात्र घुं घुं करतं आणि सारखं तापतं, म्हणून त्याला गार जागी ठेवतात. आता जंगलात वीज कुठून आली, असं कोणी विचारायचं नाही. सिंह दरबार भरवतो हे तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता, मग विजेलाच का अडता?

तर या सर्व्हरमध्ये जंगलातल्या प्रत्येकाचं नाव होतं. कोण जन्मला, कोण मेला, कोणाची पाण्याची पाळी कधी. पूर्वी हे सगळं एक म्हातारं कासव तोंडपाठ सांगायचं. ते कधी चुकलं नाही. पण कासवाला पासवर्ड नव्हता, तेव्हा त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

पाणवठ्यावर भैरू नावाचा गवा पहाऱ्याला होता. त्याच्या पायाशी एक छोटं यंत्र. त्यावर पंजा किंवा खूर टेकायचा. सर्व्हरमध्ये नाव असलं की हिरवा दिवा लागे आणि पाणी प्यायला मिळे. नाव नसलं की लाल दिवा. लाल दिवा लागला त्याने शंभर पावलं मागे, जांभळीच्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं.

"यंत्रात नाव नसेल, तर प्रत्यक्ष मी आलो तरी सोडायचं नाही," असं महाराजांनी भैरूला बजावलं होतं. महाराज म्हणजे सिंह. असं बोललं की राजे फार शोभून दिसतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि भैरूने ते लक्षात ठेवलं.

सर्व्हर एका गार गुहेत होता आणि तो सांभाळायला एक टिटवी होती. तिचं नाव भागाबाई. टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात, आभाळ पडलं तर पेलता यावं म्हणून. लोक तिला हसतात. पण माझं मत विचाराल तर ज्याला आभाळाची काळजी वाटते, तोच अशा कामाला बरा. ज्याला वाटत नाही त्याला दिवाण करावं.

या जंगलात दिवाण हत्ती होते.

एकदा काय झालं, शेजारच्या जंगलातल्या सर्व्हरवर वीज पडली. सगळी नावं एका क्षणात गेली. महिनाभर तिथे कोणाचीच नोंद नव्हती. तिथले प्राणी तरीही पाणी पीत होते आणि जगत होते, पण ही गोष्ट कोणी फारशी बोलून दाखवली नाही.

महाराज घाबरले. त्यांनी भागाबाईला बोलावलं.

"आपल्या सर्व्हरचं असं झालं तर?"

"महाराज, बॅकअप घेऊन ठेवावा," भागाबाई म्हणाली. "म्हणजे सगळ्याची एक प्रत. एक्स्टर्नल ड्राइव्ह म्हणून एक डबी मिळते. चुन्याच्या डबीपेक्षा मोठी, पानाच्या डब्यापेक्षा लहान. अख्खं जंगल तिच्यात मावतं."

"अख्खं? मीसुद्धा?"

"तुमचं नाव, महाराज."

महाराजांना बरं वाटलं. भागाबाईने पुढे सांगितलं की डब्या तीन घ्याव्यात. एक इथे, एक डोंगरापलीकडे वानरांकडे, आणि एक अदलाबदलीसाठी वाटेवर. दर आठवड्याला नवी प्रत घ्यावी. आणि महिन्यातून एकदा प्रतीतलं सगळं परत ओतून पाहावं, खरंच निघतं का ते.

हे ऐकून दिवाणजींनी सोंड वर केली. दिवाणजींची सोंड वर गेली की समिती नेमली जाते. समितीत दिवाणजी होते, आणि दिवाणजींच्या होला हो म्हणणारे चार जण होते.

"तीन डब्या कशाला?" दिवाणजी म्हणाले. "उद्या तिघींत फरक निघाला, तर खरी कोणती मानायची?"

महाराजांनी मान हलवली. त्यांना तीन राण्या होत्या. त्यांना हा मुद्दा फार लवकर पटला.

"एकच घ्या," ते म्हणाले, "पण चांगली घ्या."

तशी एकच डबी आणली. काळी, गुळगुळीत, मखमली पेटीतली. भागाबाई म्हणाली, लगेच प्रत घेऊन टाकू. दिवाणजी म्हणाले, फाल्गुनात कुठे? पाडवा तोंडावर आलाय. मग वीस दिवस डबी रिकामी राहिली आणि सगळे आभाळाकडे बघत राहिले.

पाडव्याच्या मुहूर्तावर, सूर्योदयाला, भागाबाईने वायर लावली. संध्याकाळपर्यंत प्रत तयार झाली. तिने वायर काढली आणि डबी दिवाणजींपुढे ठेवली.

"झालं," ती म्हणाली.

"झालं कसं? सत्यप्रत आहे का?"

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. त्या जंगलात कोणतीही प्रत नुसती प्रत नसे. मोठ्या अधिकाऱ्याने ती मुळाशी ताडून पाहायची, 'बरोबर आहे' म्हणून सही करायची, शिक्का मारायचा. मगच ती प्रत. तोवर तो नुसता कागद. हा नियम कागदाच्या काळातला होता. आता कागद गेले होते. नियमाला कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाणजी ताडून पाहायला बसले. एका पडद्यावर सर्व्हर, दुसऱ्यावर डबी. एक नाव इकडचं वाचायचं, एक तिकडचं. जंगलात सात हजार नावं होती. मुंग्यांना वारुळामागे एक धरलं होतं म्हणून बरं. दिवाणजी मन लावून काम करत, यात शंका नाही. मन लावून चुकीचं काम करणारा माणूस फार थकतो, हेही मी पाहिलं आहे.

त्यांचं वाचन चालू असतानाच जंगलात दोन गोष्टी घडल्या. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी रंगू नावाच्या हरणीला पाडस झालं. आणि त्याच आठवड्यात एक म्हातारं तरस वारलं. दोन्ही गोष्टी कोणाला विचारून झाल्या नाहीत.

बाराव्या दिवशी रंगू पाडसाला घेऊन भागाबाईकडे आली. पाडसाचे पाय अजून लटपटत होते.

"ताई, आज बारसं आहे याचं. नाव घाला ना."

"काय ठेवलंस?"

"ठिपक्या."

"सगळ्याच पाडसांना ठिपके असतात गं."

"असतील. पण हे माझं आहे," रंगू म्हणाली.

भागाबाईने नाव घातलं. तरसाचं नाव आधीच काढलं होतं. ठिपक्याने यंत्रावर खूर टेकला, हिरवा दिवा लागला, आणि तो दिव्याला घाबरून आईच्या पोटाखाली शिरला. रंगू इतकी आनंदली की तिने भागाबाईचे पंख चाटले.

तेराव्या दिवशी दिवाणजींचं वाचन संपलं.

"भागाबाई, घोटाळा आहे," ते म्हणाले. "मुळात एक नाव जास्त आहे. आणि एक नाव कमी आहे."

"साहेब, जास्त आहे ते रंगूचं पाडस. कमी आहे ते तरस. ते वारलं."

"प्रतीत तर ते आहे."

"प्रत पाडव्याची आहे ना. त्यानंतर जंगल पुढे गेलं."

"प्रत पुरी होण्याआधी जंगलाला पुढे जायला कोणी सांगितलं?"

भागाबाईला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असेल तर मोठेपणी कचेरीत नोकरी करू नका.

"साहेब, प्रत मुळासारखी करायची असते," ती म्हणाली. "मी आत्ता पुन्हा घेते. एका दिवसाचं काम आहे."

"आणि मी पुन्हा तेरा दिवस वाचू? तोवर पुन्हा कोणी जन्मलं तर? नाही. प्रत मुहूर्तावर घेतली आहे. ती चुकायची नाही. मूळ चुकलं आहे. मूळ दुरुस्त करा."

"म्हणजे?"

"ते पाडस काढा. तरस घाला."

भागाबाई तिथेच बसून राहिली. मग दिवाणजींनी स्वतः सोंडेच्या टोकाने ते केलं. दोन बटणं दाबली आणि काम झालं. मूळ आणि प्रत तंतोतंत जुळली. दिवाणजींना इतकं समाधान वर्षात मिळालं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला की यापुढे सर्व्हरमध्ये एकही अक्षर बदलायचं नाही, म्हणजे प्रत कायम बरोबर राहील.

मग शिक्का. जंगलात शिक्का लाखेवर मारत. लाख वितळवून डबीवर ओतली, पण डबी गुळगुळीत. लाख घसरून जाई. शेवटी एका बाजूला एक बारीक खाच सापडली. तिथे लाख छान धरली. ती खाच वायर लावायची होती.

"साहेब!" भागाबाई ओरडली.

"सील झाल्यावर बोलायचं नसतं," दिवाणजी म्हणाले. "आता समितीच्या ठरावाशिवाय हे कोणी तोडायचं नाही."

आता डबी ठेवायची कुठे? भागाबाई म्हणाली, डोंगरापलीकडे. दोन्ही एकाच गुहेत ठेवली आणि गुहेलाच काही झालं, तर दोन्ही जातील. दिवाणजी म्हणाले, प्रत मुळाजवळ असावी, नाहीतर ताडून कशी पाहणार? त्यांनी गुहेत नजर फिरवली. मागच्या भिंतीत एक सुरेख कोनाडा होता. मखमली पेटी त्यात मापून केल्यासारखी बसली. वर झेंडूची माळ घातली.

"साहेब, तो कोनाडा नाही. हवेचं भोक आहे. पलीकडची गार हवा तिथून येते. तिच्यावरच सर्व्हर चालतो."

"भागाबाई, हवा एवढी मोठी. तिला एवढीशी वाट कशाला लागते?"

चारही सभासद हसले. सभेचं कामकाज संपलं.

पुढचे दिवस रंगूला फारसे जड गेले नाहीत. ठिपक्या दुधावर होता. पण वैशाख लागला. गवत वाळून खडखडीत झालं, रंगूचं दूध आटत गेलं आणि ठिपक्याला पाण्याची तहान लागू लागली. ती त्याला पाणवठ्यावर घेऊन गेली. त्याने यंत्रावर खूर टेकला. लाल दिवा लागला.

"नाव नाही, बाई," भैरू म्हणाला.

"होतं हो. हिरवा लागला होता. तुम्हीच पाहिलंत."

"पाहिलं. पण आता नाही."

रंगूने अर्ज केला. अर्ज वर गेला. आठ दिवसांनी खाली आला. त्यावर महाराजांची सही होती आणि एक ओळ होती, 'नियमानुसार कार्यवाही करावी.' रंगूने तो अर्ज भागाबाईकडून दोनदा वाचून घेतला. तिला वाटलं, कुठेतरी 'हो' लिहिलेलं असेल.

मग तिने एक युक्ती काढली. आपली पाळी आली की ती पाणी पिई आणि शेवटचा घोट तोंडात धरून जांभळीखाली जाई. तिथे तो ठिपक्याच्या तोंडात सोडी. निम्मा मातीत सांडायचा.

"बाई, पाणवठ्याबाहेर पाणी न्यायला बंदी आहे," भैरू म्हणायचा. "गिळलंत ना?"

रंगू मान हलवायची. तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही. भैरूला ते चांगलं कळत होतं. तो म्हणायचा, "हां, गिळलं म्हणता तर गिळलं असेल," आणि दुसरीकडे बघायचा. गवा मनाने वाईट नव्हता. पण यंत्र त्याचं नव्हतं.

त्याच रांगेत रोज सकाळी मेलेल्या तरसाची पाळी पुकारली जाई. भैरू अर्धी घटका वाट बघे. तेवढा वेळ पाण्याला कोणी तोंड लावायचं नाही. रंगू जांभळीखालून ते न प्यायलेलं पाणी बघत राहायची.

एका घोटावर पाडस किती दिवस काढणार? सोळाव्या दिवशी ठिपक्या उठला नाही. डोळे उघडे होते, पण माशी बसली तर कान हलत नव्हता. रंगू धावत गुहेपाशी गेली.

"ताई, आजचा दिवस निघतो की नाही सांगता येत नाही," ती म्हणाली. रडली नाही. रडायलाही ओल लागते.

भागाबाईने तिला परत पाठवलं आणि ती आत गेली. गुहेत उभं राहवत नव्हतं, इतकं गरम होत होतं. ती महिनाभर दिवाणजींना सांगत होती की पेटी हलवा. दिवाणजी सांगत होते की वैशाखात गरम होतंच. भागाबाईने पेटीला हात, म्हणजे पंख, लावला नाही. सीलबंद पेटी हलवली तर नोकरी गेली असती. पण आता तिला नोकरीचं काही वाटेना. ती सर्व्हरसमोर बसली आणि चोचीने एकेक अक्षर दाबत नाव घातलं. ठिपक्या. आई रंगू.

सर्व्हर एकदम मोठ्याने घुरघुरला. मग करपल्याचा वास आला. मग घुं घुं थांबलं. पहिल्यांदाच गुहेत इतकी शांतता झाली की बाहेरची पाखरं ऐकू आली.

सात हजार नावांचं जंगल एका दमात बिननावाचं झालं.

दिवाणजी धावत आले. हत्ती धावत आला म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या.

"काय केलंत?"

"एक नाव घातलं," भागाबाई खरं बोलली.

"पाहिलंत? एका नावाने सर्व्हर बुडाला! या पाडसाचं नाव मूळचंच अपशकुनी. म्हणून तर मी काढलं होतं." त्यांनी चौकशी लावली. भागाबाई आरोपी एक, ठिपक्या आरोपी दोन. मग ते थोडे शांत झाले. "पण घाबरायचं कारण नाही. आपल्याकडे प्रत आहे. सत्यप्रत आहे."

पेटी कोनाड्यातून काढली. भोकातून भस्सकन गार हवा आली. सगळ्यांना फार बरं वाटलं. हवा इतके दिवस कुठे होती, असं कोणीतरी विचारलंही.

"वायर लावा," दिवाणजी म्हणाले.

"सील तोडायला ठराव लागेल, साहेब," भागाबाई म्हणाली. ती आता कशालाच घाबरत नव्हती.

"मग सभा बोलवा."

"सभासदांची यादी सर्व्हरमध्ये होती. आता तुम्ही समितीत आहात हे कशावरून?"

चार सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्यांदाच ते होला हो म्हणाले नाहीत. शेवटी दिवाणजींनी रागाने सुळ्याचं टोक लाखेवर मारलं. वरचा शिक्का उडाला. पण महिनाभराच्या उष्म्याने लाख पातळ होऊन आत उतरली होती, आणि आता गार हवेत पुन्हा दगडासारखी घट्ट झाली होती. साळिंदराचा काटा घालून पाहिला. काटा मोडला. मग दिवाणजींनी जोर लावला. हत्तीने जोर लावल्यावर डबीची ती बाजूच आत गेली.

इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज आपल्या पाळीला पाणवठ्यावर आले. पंजा टेकला. लाल दिवा.

"नाव नाही," भैरू म्हणाला.

"भैरू, मी आहे."

"दिसताय. पण यंत्रात नाही. तुम्हीच सांगितलं होतं, प्रत्यक्ष तुम्ही आलात तरी सोडायचं नाही."

महाराजांना ते वाक्य आठवलं. टाळ्याही आठवल्या. सगळं जंगल बघत होतं. मोडता येईना. आणि गव्याशी सिंह उगाच भांडत नाही. मोठे झाल्यावर एकदा गवा जवळून पाहा, म्हणजे का ते कळेल. महाराज मोठ्या रुबाबात परत गेले. दिवसभर आपल्या गुहेत बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी उन्हाने जमीन भाजायला लागली, तेव्हा ते हळूच आले आणि जांभळीखाली उभे राहिले. तिथे आता सगळेच उभे होते. दिवाणजी तर सर्वांत आधी आले होते. हत्तीला पाणी फार लागतं.

महाराजांच्या शेजारी रंगू होती. हरणी सिंहाच्या शेजारी उभी राहत नाही. पण तिच्यात आता पळायचं त्राण नव्हतं, आणि खायचं म्हटलं तरी महाराजांचा घसा कोरडा होता. तिच्या पायाशी ठिपक्या पडला होता. त्याचं पोट अगदी बारीक वरखाली होत होतं. दोन दिवसांपूर्वीपर्यंत घोट तरी मिळत होता. आता तिचंही नाव नव्हतं, म्हणून तोही बंद झाला होता.

"तू कधीपासून उभी आहेस?" महाराजांनी विचारलं.

"आज अठरावा दिवस, महाराज."

"अठरा दिवस! आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"अर्ज दिला होता. तुमच्या सहीने परत आला."

"काय लिहिलं होतं मी?"

"नियमानुसार कार्यवाही करावी."

 महाराजांनी हलक्या आवाजात विचारलं, "इथे उभं राहून काय करायचं असतं?"

"ओठ चाटायचे," रंगू म्हणाली. "पण फार नाही. चाटले की जास्तच कोरडे पडतात."

महाराजांनी चाटून पाहिले. ती म्हणाली तसंच झालं. त्यांनी समोरच्या पाण्याकडे पाहिलं, मग पायाशी पडलेल्या पाडसाकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना पाडस दिसलं. आधी नुसता अर्ज दिसला होता.

"भैरू!" ते गरजले. घसा कोरडा होता, म्हणून गर्जना फाटकी निघाली, पण निघाली. "पाणी प्यायला नाव लागणार नाही. आत्तापासून. कोणालाच नाही."

"महाराज, लेखी हवं," दिवाणजी म्हणाले. सवय हो. त्यांची जीभसुद्धा टाळूला चिकटली होती, तरी बोलले. "आणि लेखी हुकूम सर्व्हरमध्ये नोंदवावा लागतो."

"कुठाय सर्व्हर?"

"जळाला."

"मग तोंडी!"

"तोंडी मला चालतं," भैरू म्हणाला. "कान आहेत." आणि तो इतका चटकन बाजूला झाला, की जणू इतके दिवस त्याचीच वाट पाहत होता.

रंगूने ठिपक्याला नाकाने ढकलत पाण्यापाशी नेलं. एवढ्या पाण्यात तो कधी शिरला नव्हता. पाणी पायाला लागल्यावर तो दचकला. मग तोंड घातलं आणि काढेचना. राजाने आधी प्यावं असा नियम होता, पण तोही सर्व्हरमध्येच होता. महाराज त्याच्या शेजारी वाकून लपालपा पाणी पिऊ लागले.

चौकशीचा अहवाल पावसाळ्याआधी आला. दिवाणजींनीच लिहिला. तो एकाच ओळीचा होता, 'प्रत सुरक्षित आहे, मूळ गहाळ आहे.' भागाबाई आणि ठिपक्या पुराव्याअभावी सुटले, कारण पुरावा सर्व्हरमध्ये होता. चेपलेली डबी पुन्हा मखमली पेटीत ठेवली. तिच्यावर अजून कोणी अविश्वास दाखवलेला नाही.

मग नवीन सर्व्हर आला. तहान भागल्यावर राज्याला पुन्हा शिस्तीची आठवण होते. सगळ्यांची नावं नव्याने घालायला सुरुवात झाली. दिवाणजी म्हणाले, आता तो पाणी प्यायचा हुकूम रद्द करून टाकू. पण हुकूम रद्द करायचा तर त्याचा क्रमांक लागतो, तारीख लागते, एक प्रत जोडावी लागते. दिवाणजींनी सगळं पालथं घातलं. मूळ नाही, प्रत नाही. जे नाहीच ते रद्द कसं करणार? अजूनही ते शोधतात. तोवर जंगल पाणी पितं.

ठिपक्याला आता शिंगं फुटली आहेत. मध्ये एकदा भागाबाई रंगूला म्हणाली, "अगं, नवा सर्व्हर आलाय. हवेचं भोकही मोकळं आहे. ठिपक्याचं नाव घालू का?"

रंगूने पाण्यातून तोंड वर काढलं. थोडा विचार केला.

"नको, ताई," ती म्हणाली. "लिहिलं की पुसता येतं."

तात्पर्य: चूक करायची तर पुरती करावी. अर्धी चूक फक्त पाडसाला भोवते. पुरती चूक राजापर्यंत पोचते, आणि मग ती दुसऱ्याच दिवशी दुरुस्त होते.